स्टिअरिंगचं कव्हर

हिरालालने पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलं आणि आत उघड्या पडलेल्या ब्रेकच्या लोखंडी चकतीवर अंगठा फिरवला. मधून कडेपर्यंत, मग कडेपासून मधे. अंगठा पँटला पुसून त्याने अश्विनलाही खाली वाकून बोट फिरवून बघायला सांगितलं. चकतीवर गोल रेघा पडल्या होत्या, पितळेचं ताट वर्षानुवर्षं राखेने घासल्यावर पडतात तशा. कडेला एक बारीक धार उभी राहिली होती.

"लाइन पड़ गई है," हिरालाल म्हणाला. "अब इस डिस्क का भरोसा नहीं."

अश्विनने मान हलवली आणि मागे वळून आईकडे पाहिलं.

कौमुदीबाई गॅरेजच्या पत्र्याखाली, कुठल्याशा ट्रकमधून काढून ठेवलेल्या लांब सीटवर बसल्या होत्या. मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. भनपुरीत त्या फार वर्षांनी आल्या होत्या. पूर्वी इकडे यायचं म्हणजे गावाबाहेर निघाल्यासारखं वाटायचं. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकच ट्रक होते, आणि झाडांच्या पानांवर, पत्र्यावर, बसल्या जागी पदरावरसुद्धा कारखान्यांची काळी भुकटी उतरत होती. आभाळ सकाळपासून मळकं होतं. ऊन पडलं आहे की नाही तेही नीट कळत नव्हतं.

त्यांना आणलं होतं ते साक्षीला. गाडी कापते ती पांडुरंगराव चालवतात तेव्हा, आणि तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेल्या असतात कौमुदीबाई. मोठ्या वर्कशॉपमधल्या टाय लावलेल्या माणसाने चाकं न काढताच पुढच्या दोन्ही डिस्क बदला म्हणून सांगितलं होतं. ते अश्विनला पटलं नव्हतं. ओळखीच्या मिस्त्रीला एकदा दाखवू, खरंच गरज असेल तर बदलू, असं म्हणून त्याने रविवारी गाडी इथे आणली. बाबांनाच सोबत ने, असं कौमुदीबाईंनी सुचवूनही पाहिलं होतं. पण पांडुरंगरावांनी टेबलावर पसरलेल्या पेपरातून मान वर काढली नाही. "तूच जाय," ते म्हणाले. "तुले माहीत आहे सारं."

निकाल आजच लागायला हवा होता, कारण दुसऱ्या दिवशी सोमवारी सोनियाची सुट्टी संपत होती. नातीला नव्या रायपूरच्या शाळेत सोडणं हे आजोबांचं काम होतं. अश्विन आणि पायल दोघंही नोकरीवर, आणि तात्यापाऱ्यातल्या घरापासून ती शाळा बरीच लांब. मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन सोनिया, पुढे आजी-आजोबा. शहर संपलं की ते रुंद, ओस रस्ते लागत. नव्या राजधानीसाठी केलेले, ज्यांवरून अजून राजधानी पुरती आलेली नव्हती. परतताना दोघंच असत. वाटेत भाजी घेत, आणि बऱ्याचदा काहीही न बोलता घरी पोचत. रिटायर झाल्यापासून पांडुरंगरावांचा दिवस या फेरीपासून सुरू व्हायचा. ती झाली की उरलेला दिवस ते घरात कुणाच्या वाटेत न येता काढत.

गाडी आज दुरुस्त झाली, तर उद्या सकाळी सोनिया पुन्हा आजोबांच्या गाडीत बसणार होती.

हे सगळं सुरू झालं होतं एका शब्दावरून, आणि त्या शब्दावर घरात बरंच हसूनही झालं होतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. जेवताना पांडुरंगराव अश्विनला काहीतरी म्हणाले होते. कौमुदीबाई तेव्हा आत पोळ्या करत होत्या, त्यांनी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अश्विन स्टिअरिंगवर चढवायचं एक मऊ, गुबगुबीत काळं कव्हर घेऊन आला. स्टिअरिंगचं प्लास्टिक एका जागी चिरलं होतं, ते बाबांना कापतं, असं तो समजला होता. पांडुरंगरावांनी कव्हर हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि बरंच आहे म्हणाले. काही दिवसांनी अश्विनने विचारलं, आता तर कापत नाही ना? तर ते म्हणाले, कापणं तसंच आहे.

तेव्हा कौमुदीबाईंनी उलगडा केला. अश्विन याच घरात वाढला, तरी त्याची मराठी शाळेत जायला लागल्यावर जी थांबली ती थांबली. समजे सगळं, उत्तर हिंदीत येई. त्याला कापणं म्हणजे भाजी कापणं एवढंच माहीत.

"अरे, ते कापणं नव्हे," त्या हसत म्हणाल्या होत्या. "कापते म्हणजे थरथरते. गाडी थरथरते म्हणून राहिले ते."

यावर सोनिया ताटावरून उठून हसली होती. पापा की मराठी सिर्फ सब्ज़ी तक है, असं तिने जाहीर केलं, आणि पुढे कितीतरी दिवस ते वाक्य घरात फिरत राहिलं. कांदा चिरताना पायल अश्विनला हाक मारून विचारी, हे कापते की थरथरते? पांडुरंगरावही हसले होते. मात्र जरा उशिरा.

पुढे गाडी कापते हे सगळ्यांच्या तोंडी बसलं. चाकांचं अलाइनमेंट झालं, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे झाले. पांडुरंगरावही बोलायला लागले, आज गाडी जरा कमी कापली, आज जास्त. आणि आता गोष्ट डिस्कवर येऊन ठेपली होती.

हिरालालने दुसरं चाकही काढून पाहिलं. तिथेही तशाच रेघा होत्या. नुसत्या रेघांवरून काही सांगता येत नाही, तो म्हणाला, चालवून बघावी लागेल. चाकं पुन्हा चढली. अश्विन चालवायला बसला, हिरालाल मागे, आणि कौमुदीबाई त्यांच्या नेहमीच्या जागी, डावीकडे.

ट्रकांच्या रांगेतून बाहेर पडून ते मोकळ्या रस्त्याला लागले. अश्विनने वेग वाढवला आणि ब्रेक दाबला. कौमुदीबाईंनी एका हाताने पुढचा डॅशबोर्ड धरला. गाडी सरळ थांबली. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. हिरालाल मागून सांगे, अजून जोरात, आता हळू, आता उतारावर. कौमुदीबाई स्टिअरिंगकडे पाहत होत्या. काळ्या कव्हरवर अश्विनचे हात होते, बापासारखेच लांब बोटांचे. त्यांच्यात ते चाक अगदी गप्प होतं.

"कहाँ काँप रही है, आई?" अश्विनने विचारलं.

"बाबा चालवतात तेव्हा कापते."

"मतलब मेरे से डरती है."

हिरालाल हसला. गाडी अजून थंड आहे, तो म्हणाला. सियान, म्हणजे वयस्क माणसं पाय ब्रेकवर ठेवूनच चालवतात, डिस्क तापते, आणि तापली की मग खरी कापायला लागते. त्याने पुढे वाकून दोन सीटच्या मधून डोकं घातलं.

"अम्मा, एक बात बताओ. जब काँपती है, तो आपको सीट में लगता है? पाँव के नीचे?"

कौमुदीबाई विचार करू लागल्या. शाळेच्या वळणावर, तेलीबांध्याच्या सिग्नलला, परवा बूढ़ातालावाजवळ एक स्कूटरवाली मधे आली होती तेव्हा. त्यांनी तो कंप कितीदा पाहिला होता. पाहिला होता. सीट आठवून पाहिली, चपलांखालची रबरी मॅट आठवून पाहिली. तिथे काहीच नव्हतं.

"नहीं," त्या म्हणाल्या. "दिखता है. स्टिअरिंग में."

"सिर्फ स्टिअरिंग में?"

"हव."

"तो फिर पक्का आगे का डिस्क है," हिरालाल मागे टेकत म्हणाला. त्याच्या आवाजात शंका उरली नव्हती. सीट कापली तर मागचा दोष, स्टिअरिंग कापलं तर पुढचा, त्याचा हिशेब सरळ होता.

गॅरेजमध्ये परत आल्यावर अश्विनने फार वेळ घेतला नाही. एवढे लोक सांगताहेत तर बदलून टाकू, त्याचा सूर होता. नाही बदलल्या तर रोज तीच चर्चा. बदलल्या की निदान एक गोष्ट यादीतून गेली, बाबांच्याही डोक्याला शांती. डिस्क बाजारातून मागवायला हिरालालने फोन काढला. रविवार असला तरी एक दुकान उघडं असतं म्हणाला.

कौमुदीबाई पुन्हा त्या सीटवर बसल्या. समोर गाडी उभी होती, दोन्ही दारं उघडी, आणि त्यातून स्टिअरिंगचा काळा गोल दिसत होता.

त्यांना पद्मजाची पाटी आठवली.

तात्यापाऱ्यात अजून काही दारांवर पांडुरंगरावांच्या हातच्या पाट्या आहेत. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, पण अक्षर असं की लोक घरं बांधली की आधी त्यांच्याकडे येत. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगाने ते नावं लिहीत. रेघा न आखता, श्वास रोखून. लग्न होऊन कौमुदीबाई वर्ध्याहून इथे आल्या, तेव्हा हे गाव दुसऱ्याच राज्यात होतं आणि राजधानी कुठेतरी फार लांब होती. दुपारी नवी नवरी म्हणून त्या गल्लीतून निघाल्या की दारादारांवर नवऱ्याचं अक्षर दिसे, आणि परक्या गावात कुणी हात धरून नेत असल्यासारखं वाटे. पाट्या लिहिताना त्यांना बघायला गल्लीतले लोक उभे राहत. वेलांटी ओढताना त्यांचा ब्रश एकदा टेकला की ती पुरी होईपर्यंत उचलला जायचा नाही.

या पावसाळ्यात शेजारच्या पद्मजाने मुलाच्या नव्या फ्लॅटसाठी पाटी मागितली होती. पांडुरंगरावांनी ती आठवडाभर ठेवून घेतली आणि कोरीच परत दिली. ब्रश खराब झाला, ते म्हणाले, केस फाकले त्याचे. कौमुदीबाईंनी नवा ब्रश आणून दिला होता. तो अजून कागदात गुंडाळलेलाच आहे. आणि चहा. जन्मभर कपबशी लागायची, ती कधी गेली आणि स्टीलचा पेला कधी आला, हे त्यांना आठवेना. अर्धाच भर, ते सांगायचे. दोन्ही हातांनी धरायचे. थंडी आहे, असं त्यांना वाटलं होतं. पण थंडी तर आत्ता कुठे पडत होती.

"अश्विन," त्यांनी हाक मारली. "इकडे ये जरा."

तो फोनवर बोलणाऱ्या हिरालालजवळून आला.

"मले एक सांग. बाबा पहिल्यांदा काय म्हणाले होते? त्या दिवशी, जेवताना. मी आत होती."

"बताया तो था. गाड़ी का."

"तसं नको. शब्द सांग त्यांचे. जसे होते तसे."

अश्विन कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. मग, शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं, एकेक शब्द जपून त्याने मराठीत सांगितलं.

"'ब्रेक दाबला का हात कापते माझा.' इसीलिए तो कवर लाया था, कि हाथ को..."

तो थांबला.

रस्त्यावरून एक लांब ट्रक सळया घेऊन गेला, आणि तो जाईपर्यंत बोलता येण्यासारखं नव्हतं. अश्विनने आईकडे पाहिलं. मग त्याची नजर स्वतःच्या हातांवर आली. मघाशी चकतीला हात लावताना लागलेली काळी भुकटी त्याच्या बोटांना अजून होती. ती त्याने दुसऱ्या हाताने पुसायला घेतली आणि पुसतच राहिला.

"गाडीचं मी म्हटलं," कौमुदीबाई म्हणाल्या. "त्यांनी नव्हतं म्हटलं."

हिरालाल फोनवर हात ठेवून विचारत होता, दोन्ही मागवू की एकच? अश्विनने त्याच्याकडे न बघता सांगितलं की राहू दे. हिरालालला ते आवडलं नाही. पुढच्या पावसाळ्यात याल परत, तो म्हणाला, रेघा काही आपोआप जात नाहीत. अश्विनने मान डोलावली.

घरी पोचेपर्यंत दोघांत एकच बोलणं झालं. बाबांना काय सांगायचं, असं अश्विनने विचारलं, आणि ते मी बघते, असं त्या म्हणाल्या.

पांडुरंगराव पुढच्या खोलीत बसले होते. पेपर अजून टेबलावर होता, पण पान सकाळचंच. गाडी लागल्याचा आवाज त्यांनी ऐकला असणार. अश्विन चपला काढून सरळ वर गेला. कौमुदीबाईंनी पर्स खुंटीला अडकवली आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"बदलल्या काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"काहून?"

"गाडीत काही नाही."

"हिरालाल म्हणे असं?"

"हिरालाल तर बदला म्हणत होता. मीच राहू द्या म्हटलं."

पांडुरंगरावांचा डावा हात मांडीवर होता, पेपराच्या कडेखाली. पेपराची ती कडा एकसारखी, अगदी बारीक खसखसत हलत होती. पंखा बंद होता. हा आवाजही घरात कितीतरी दिवस होता, कौमुदीबाईंच्या लक्षात आलं. उंदीर असेल म्हणून त्यांनी मागच्या महिन्यात पिंजरा लावला होता.

"मी तर पहिलेच सांगितलं होतं," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. दमून घरी आलेला माणूस पिशवी खाली ठेवतो, तसं ते बोलले.

"हो. आज कळलं मले."

"मग त्यानं ते कव्हर आणलं. म्हटलं, आता काय सांगावं. मग तुम्ही सारे गाडी गाडी करायले लागले. मलेही वाटलं, असेल गाडीच."

कौमुदीबाईंनी उठून चहा टाकला. पेला काढला, थोडा वेळ हातात धरून उभ्या राहिल्या, आणि अर्धाच भरला.

संध्याकाळी वरून अश्विन खाली आला आणि डॉक्टरांचं विचारलं आहे, गुरुवारी जायचं, एवढं सांगून उभा राहिला. हे त्याने मराठीत सांगितलं. चुकत, अडखळत, एका जागी लिंगाचा घोळ करत. पण पूर्ण वाक्य मराठीत. पांडुरंगराव हव म्हणाले. उद्या सोनियाला कोण सोडेल, हे कुणी विचारलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर गाडीची किल्ली टीव्हीजवळच्या तिच्या जागी नव्हती, वर अश्विनच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेली होती. ती तिथे कुणी ठेवली, तेही कुणी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी धुकं होतं. पायलने गाडी गल्लीत काढून उभी केली. ती ऑफिसला उशिरा जाणार होती. सोनिया मागे बसून पुस्तक चाळत होती, तिचा पहिला तास परीक्षेचा होता. पांडुरंगराव नेहमीसारखेच तयार होऊन बाहेर आले. स्वेटर, टोपी, गळ्याला मफलर. त्यांना बघून पायल घाईने दार उघडून खाली उतरली आणि किल्ली हातात धरून, काय करावं ते न कळून उभी राहिली. पांडुरंगराव तिच्याजवळून गेले, गाडीला पुढून वळसा घातला, आणि डावीकडचं दार उघडून आत बसले.

कौमुदीबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या त्या सवयीने डाव्या दाराशीच. त्यांचा हात मुठीपर्यंत गेला. काचेच्या आत मफलर दिसला. त्या तशाच उभ्या राहिल्या, मग मागचं दार उघडून सोनियाशेजारी बसल्या, पांडुरंगरावांच्या मागे. इतक्या वर्षांत त्या या गाडीत मागे कधी बसल्या नव्हत्या. समोर रस्ता दिसत नव्हता. टोपीखालची पांढरी मान दिसत होती.

बूढ़ातालावाच्या वळणावर एक रिक्षा एकदम थांबली आणि पायलने ब्रेक दाबला. गाडी सरळ, शांत थांबली. पुढच्या सीटची पाठ मात्र कौमुदीबाईंच्या गुडघ्यांवर येऊन दाबली गेली. पांडुरंगरावांनी उजवा पाय समोरच्या रबरी मॅटवर पूर्ण जोराने रोवला होता. रिक्षा हलली, गाडी निघाली, तरी तो पाय लगेच उचलला गेला नाही.

काहीतरी बोलायला हवं, असं पायलला वाटलं असावं.

"बाबा, ये कवर अच्छा है," ती म्हणाली. "पकड़ने में अच्छा लगता है."

"अश्विननं आणलं," पांडुरंगराव म्हणाले. "हात कापू नये म्हणून."

"पापा की मराठी," पुस्तकातून मान वर न करता सोनिया म्हणाली आणि खुदकन हसली.

पांडुरंगरावही हसले. या वेळी अगदी वेळेवर. मग त्यांनी गळ्यातला मफलर सोडला, घडी करून मांडीवर घेतला, आणि दोन्ही हात त्याच्या खाली ठेवले.